ब्लू रिजचा देखावा

ऑक्टोबर जवळ आला की आपल्या मंडळातल्या फोनांवर एक प्रश्न हमखास फिरू लागतो : "या वर्षी रंग बघायला कुठे?" गणपती होऊन गेलेले असतात, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तालमींना अजून जोर आलेला नसतो, आणि मधल्या एखाद्या शनिवार-रविवारी चार कुटुंबे मिळून दोन व्हॅन काढतात. मग कोणी न्यू इंग्लंडचे नाव घेते, कोणी कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या हायवे वनची आठवण काढते, आणि कोणी नुकतेच ऑस्ट्रेलियाला जाऊन आले असेल तर ग्रेट ओशन रोडचे फोटो बाहेर येतात. मुद्दाम गाडी चालवायला जावे असे रस्ते जगात पुष्कळ आहेत. पण वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यासाठी विमानाचे तिकीट काढायची गरज नाही.

इथून साधारण सत्तर मैलांवर, व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयल या गावी, स्कायलाइन ड्राइव्ह सुरू होतो. शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानातून, डोंगराच्या माथ्यामाथ्याने १०५ मैल जाऊन तो रॉकफिश गॅप या खिंडीत संपतो. तिथेच ब्लू रिज पार्कवे सुरू होतो, तो आणखी ४६९ मैल जाऊन नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी गावाजवळ थांबतो. दोन्ही मिळून ५७४ मैल, म्हणजे सव्वानऊशे किलोमीटर. मुंबईहून निघून नागपूर गाठले तरी इतके अंतर होत नाही. या सगळ्या वाटेवर मालाचे ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत. स्कायलाइनवर वेगमर्यादा ताशी ३५ मैल आणि पार्कवेवर बहुतेक ठिकाणी ४५. कुठेतरी लवकर पोचण्यासाठी हा रस्ता बांधलेलाच नाही.

गेल्या वर्षी या रस्त्याने जाताना आमच्या गाडीतल्या मागच्या सीटवरून एका दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "इथे कुणाचंच घर कसं नाही?" प्रश्न साधा होता, पण गाडीतल्या आम्हा चार मोठ्या माणसांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर या रस्त्याचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यातून हा लेख झाला. पेशाने मी रसायनशास्त्रज्ञ, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तेव्हा मधूनमधून रसायन डोकावेल, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मराठीत 'देखावा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. डोंगरावरून डोळ्यांना दिसतो तो देखावा, आणि गणपतीपुढे आपले स्वयंसेवक थर्मोकोल, रंग आणि दिवे लावून मांडतात तोही देखावाच. ब्लू रिजचा देखावा या दोन्ही अर्थांनी देखावा आहे. डोंगर अर्थातच कोणी बांधले नाहीत. पण त्यातले काय दिसावे, काय दिसू नये, कुठे गाडी थांबावी, कुठे झाड राखावे आणि कुठे तोडावे, हे सगळे माणसांनी बसून ठरवले. त्यासाठी कोणी घाम गाळला आणि कोणाला घर सोडावे लागले, हा या रस्त्याचा इतिहास आहे.

पूर्व किनाऱ्याजवळ मोठे राष्ट्रीय उद्यान हवे, ही मागणी १९२० च्या दशकात जोर धरू लागली. तोपर्यंत यलोस्टोन, योसेमिटीसारखी मोठी उद्याने सगळी पश्चिमेला, आणि देशातली दाट वस्ती मात्र पूर्वेला. १९२६ साली काँग्रेसने शेनंडोआ उद्यानाला मंजुरी दिली, पण अट घातली की जमीन व्हर्जिनिया राज्याने मिळवून केंद्राला द्यायची, केंद्र सरकार जमिनीसाठी पैसा देणार नाही. पश्चिमेकडची उद्याने बहुतांशी सरकारी जमिनीवर झाली होती. इथे डोंगरात शंभर-दीडशे वर्षे माणसे राहत होती, शेते होती, सफरचंदाच्या बागा होत्या, गिरण्या, चर्च आणि दफनभूमी होत्या. राज्याने वर्गणी गोळा केली. सहा डॉलर द्या आणि उद्यानासाठी एक एकर घ्या, अशी ती मोहीम होती. देणगीदारांची यादी आणि पावतीपुस्तके यांचा आपल्याला पुरेसा अनुभव आहे, त्यामुळे हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडू नयेत.

अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी १९२९ साली याच डोंगरात, रॅपिडान नदीच्या उगमाशी, स्वतःची विश्रांतीची छावणी उभारली होती. १९३० साली व्हर्जिनियात भीषण दुष्काळ पडला, आणि मंदी तर देशभर होतीच. दुष्काळनिवारणाचा पैसा डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याला लावायचे ठरले, आणि १८ जुलै १९३१ रोजी कामाला सुरुवात झाली. दुष्काळी कामे म्हणून रस्ता काढायचा, हा प्रकार आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांना १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ आठवतो त्यांना चांगला ठाऊक असेल. खडी फोडायला जसा तिथला शेतकरी गेला, तसाच इथेही पीक बुडालेला आसपासचा शेतकरी आणि बागांतला मजूर कामाला गेला. उद्यान अधिकृतपणे स्थापन झाले ते २६ डिसेंबर १९३५ रोजी. म्हणजे उद्यानाच्या आधी चार वर्षे रस्त्याचे काम सुरू झाले होते.

मैल क्रमांक ३२ जवळ मेरीज रॉक बोगदा लागतो. सहाशे फुटांहून लांब असलेला हा बोगदा ग्रॅनाइटच्या जातीच्या कठीण खडकातून खणून १९३२ साली पुरा झाला. रस्त्याचा मधला भाग १९३४ साली, उत्तरेकडचा १९३६ साली आणि दक्षिणेकडचा १९३९ साली वाहनांना खुला झाला. दरम्यान १९३६ च्या जुलैत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बिग मेडोज या पठारावर येऊन उद्यानाचे लोकार्पण केले.

रूझवेल्ट सत्तेवर आले त्या १९३३ साली देशातला साधारण दर चौथा कामगार बेकार होता. त्यांनी लगोलग काढलेल्या योजनांतली एक म्हणजे सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर, थोडक्यात सी. सी. सी. गरीब घरांतल्या, लग्न न झालेल्या तरुणांना छावण्यांत ठेवायचे, खायला-ल्यायला द्यायचे आणि जंगलांत, उद्यानांत कामाला लावायचे. राष्ट्रीय उद्यानांतली त्यांची पहिली छावणी शेनंडोआत, स्कायलँड इथे, १९३३ च्या मे महिन्यात उघडली. पगार महिना ३० डॉलर. त्यातले साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात, मुलाच्या हातात पाच. कोकणातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरणीतल्या मुलाच्या मनीऑर्डरीवर चूल पेटवली. आपल्यातही पहिल्या पगारातून घरी पैसे पाठवलेले अनेक जण आहेत. त्या पंचवीस डॉलरचे मोल आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

डांबर आणि खोदकाम मुख्यतः कंत्राटदारांनी केले, पण आज जो 'नैसर्गिक' देखावा आपण पाहतो त्यातला बराचसा या पोरांच्या हातचा आहे. रस्ता खणताना उघडे पडलेले उतार त्यांनी तासून गोलसर केले, त्यावर माती आणि हिरवळ बसवली, झाडेझुडपे लावली, कडेचे दगडी कठडे रचले. वळण घेताना डाव्या हाताला एखादी लॉरेलची जाळी इतकी नेमकी दिसते की ती आपोआप उगवली असेल असेच वाटते. प्रत्यक्षात तिथे अठरा-वीस वर्षांच्या एखाद्या मुलाने ती नकाशात दाखवलेल्या जागी लावलेली असू शकते.

या मुलांनी आणखी एक काम केले, ते म्हणजे मेलेली चेस्टनटची झाडे काढणे. अमेरिकन चेस्टनट हे या डोंगरांचे कल्पवृक्ष. फळे विकून डोंगरातली कुटुंबे हिवाळ्याआधी बूट आणि मीठ-साखर आणत. लाकूड सहजी कुजत नसे, कारण त्यात टॅनिन भरपूर. चामडे कमावण्याच्या कारखान्यांना हे टॅनिन लागे, म्हणून साल आणि लाकूडही विकले जाई. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात या झाडांवर एक रोग दिसला. आशियातून आलेल्या रोपांबरोबर आलेली ती बुरशी होती. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत तिने काही अब्ज झाडे मारली. ही बुरशी सालीखाली ऑक्झॅलिक आम्ल सोडते आणि त्याने झाडाच्या जिवंत पेशी मरतात. हे नाव परके वाटले तरी ओळख जुनी आहे. अळूवडी नीट चिंच घालून शिजवली नाही की घसा खाजतो, तो याच आम्लाच्या कॅल्शियम क्षारामुळे, त्याच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. चेस्टनट गेले तेव्हा डोंगरातल्या कुटुंबांचे रोख पैसे मिळण्याचे मोठे साधनच गेले. उद्यानाचे अधिकारी आले ते नेमके अशा वेळी.

व्हर्जिनिया राज्याने १९२८ साली एक कायदा केला. एकेका मालकाशी बोलणी करून जमीन घ्यायला फार वेळ लागेल, म्हणून उद्यानासाठी लागणारी सगळी जमीन एकत्रच ताब्यात घेण्याची तरतूद त्यात होती. आठ काउंटींमधल्या हजारहून जास्त मिळकती घेतल्या गेल्या. मिळून सुमारे पावणेदोन लाख एकरांचे उद्यान झाले. ज्यांच्या नावावर कागद होते त्यांना मोबदला मिळाला, तो पुरेसा होता की नव्हता हा वाद वेगळा. पण अनेक जण कुळे होती, किंवा कसत आलेल्या जमिनीचा कागद त्यांच्याकडे नव्हता. त्यांना जमिनीचे काहीच मिळाले नाही. साडेचारशेहून जास्त कुटुंबांना डोंगर सोडावा लागला.

रॉबर्ट व्हाया या बागाईतदारांनी या कायद्याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दाद मागितली. १९३५ साली निकाल त्यांच्याविरुद्ध गेला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तोच कायम केला. मेलँक्थन क्लायझर यांचा हमरस्त्यालगत पेट्रोलपंप आणि खानावळ होती. ते हटेनात, तेव्हा १९३५ साली त्यांना बेड्या घालून त्यांच्याच जागेतून नेले. काही म्हाताऱ्या माणसांना मात्र मरेपर्यंत राहू देण्यात आले. त्यातल्या शेवटच्या, ॲनी शेंक, १९७९ साली वारल्या. म्हणजे आपल्यातले काही ज्येष्ठ काका-मावशी या देशात येऊन स्थिरावले होते, स्टेशन वॅगन घेऊन शेनंडोआला सहलीला जात होते, तेव्हाही त्या डोंगरात एक बाई आपल्या घरी राहत होती.

निघून जायची वाट पाहणाऱ्या या लोकांनी उद्यानाच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. अशी सुमारे तीनशे पत्रे जपून राहिली आहेत. कॅट्रीना पॉवेल या प्राध्यापिकेने त्यांचा अभ्यास करून २००९ साली निवडक पत्रे पुस्तकरूपाने छापली. त्यांतल्या मागण्या अगदी साध्या आहेत. लावलेले पीक काढू द्या. झाडावरची सफरचंदे उतरवू द्या. शेजारी गेला, त्याच्या रिकाम्या घराची खिडकी मला नव्या घराला नेऊ द्या. वाळलेले लाकूड उचलू द्या. घर कालपर्यंत आपले होते, आज त्याच घराची खिडकी काढायला परवानगी लागते. नियमाप्रमाणे ती आता सरकारी मालमत्ता होती. गेलेल्यांची बहुतेक घरे नंतर पाडली किंवा जाळली गेली.

या लोकांना हलवणे सोपे जावे याला आणखी एक गोष्ट कारणीभूत झाली. १९३३ साली 'हॉलो फोक' नावाचे एक पुस्तक निघाले. त्यात या दऱ्यांतली माणसे जगापासून तुटलेली, जवळजवळ आदिम अवस्थेत राहणारी अशी रंगवली होती. अशांना खाली आणणे म्हणजे त्यांच्यावर उपकारच, असे शहरातल्या वाचकाला वाटले तर नवल नाही. १९९० च्या दशकात ऑड्री हॉर्निंग या पुरातत्त्वज्ञ बाईंनी याच दऱ्यांतल्या घरांचे अवशेष तपासले. तिथे कारखान्यात झालेली चिनी मातीची भांडी, खेळणी, औषधांच्या बाटल्या, ग्रामोफोनच्या तबकड्यांचे तुकडे मिळाले. गरिबी होती, यात वाद नाही. पण ती माणसे आपल्या काळातच राहत होती, गाणी ऐकत होती, बाजारात जात होती.

हे वाचताना मुळशी आठवल्याशिवाय राहत नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, आणि मुंबईला वीज मिळाली. दोन्ही गोष्टी एकाच दशकातल्या म्हणाव्या इतक्या जवळच्या. कोयनेनंतर आपल्या भाषेत 'धरणग्रस्त' हा शब्द इतका रुळला की तो सरकारी फॉर्मवरही येतो. व्हर्जिनियाच्या या लोकांना तसा शब्द मिळाला नाही. अलीकडच्या वर्षांत मात्र त्या आठ काउंटींमध्ये वंशजांनी पुढाकार घेऊन स्मारके उभारायला सुरुवात केली. स्मारक म्हणजे दगडी धुराडे. घर पाडल्यावर उभे राहते ते धुराडेच. त्यावर गेलेल्या कुटुंबांची आडनावे कोरलेली आहेत.

आता मैल क्रमांक ५७ च्या पुढे या. इथे लुइस माउंटन नावाची छोटी तंबूची जागा, काही केबिन आणि पिकनिकची बाके आहेत. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. १९३९ साली ही जागा उघडली तेव्हा ती कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी वेगळी काढलेली होती आणि पाटीवर तसे स्पष्ट लिहिले होते. उद्यान केंद्र सरकारचे, पण ते व्हर्जिनियात, आणि व्हर्जिनियाच्या रिवाजाप्रमाणे गोऱ्यांची जेवणाची जागा वेगळी. ज्या देशाचा कर सगळे भरत होते त्या देशाच्या उद्यानात बसून डबा खायला जागा वेगळी! याविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये आवाज उठला. गृहखात्याचे मंत्री हॅरल्ड इकीज यांचे सल्लागार विल्यम ट्रेंट यांनी तो प्रश्न लावून धरला. महायुद्धाच्या काळात वेगळेपणा संपवण्याचे आदेश निघाले, आणि १९५० सालापर्यंत शेनंडोआतली ही विभागणी गेली.

रस्ता खुला असला तरी त्यावर निर्धास्त फिरता येणे ही वेगळी गोष्ट आहे. हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून एक पुस्तिका काढली. कुठल्या गावात कृष्णवर्णीय माणसाला खोली मिळेल, जेवण मिळेल, पेट्रोल मिळेल, याची ती यादी होती. 'ग्रीन बुक' म्हणून ती ओळखली जाई आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ती निघत राहिली. मोटेलने रंग पाहून खोली नाकारणे देशभर बेकायदा झाले ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, इमिग्रेशनचा नवा कायदा झाला. त्याआधी भारतातून वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. म्हणजे आपल्यासाठी देशाचे दार उघडले ते मोटेलचे दार उघडल्यानंतर. आपण सुट्टीत कुठल्याही गावात जाऊन काउंटरवर सहज चावी मागतो. ती सहजता आपण येण्याआधी दुसऱ्यांनी भांडून मिळवलेली आहे. त्यांच्या मुलांना आणि आपल्या मुलांना हे दोघांनाही माहीत असायला हवे असे मला वाटते.

रॉकफिश गॅपला स्कायलाइन संपून पार्कवे सुरू होतो. शेनंडोआ आणि ग्रेट स्मोकी ही दोन उद्याने रस्त्याने जोडायची, ही कल्पना १९३३ सालची. काम ११ सप्टेंबर १९३५ रोजी व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीजवळ, कंबरलंड नॉब इथे सुरू झाले. आखणीची जबाबदारी स्टॅन्ली ॲबट या पंचविशीतल्या तरुण लँडस्केप आर्किटेक्टवर होती. शेतेही दिसली पाहिजेत, नुसते जंगल नको, असे त्यांचे धोरण होते. म्हणून कडेची जमीन घेऊन शेतकऱ्यांना पुन्हा कसायला दिली, लाकडी कुंपणे राखली. पण कुठली शेती 'शोभते' हेही ठरवले गेले. मैल क्रमांक १७६ ला मॅब्री मिल आहे. पाणचक्कीचे ते चित्र कॅलेंडरांवर सर्वत्र दिसते. एड मॅब्री यांची ही गिरणी खरीच, पण ते आणि त्यांची पत्नी राहत होते ते नीट रंगवलेले दुमजली घर. ते घर १९४० च्या दशकात पाडले आणि पुढच्या दशकात दुसरीकडून ओंडक्यांची जुनी झोपडी आणून तिथे बसवली, कारण डोंगरी माणूस झोपडीतच शोभतो! पुण्यातल्या वाड्यातून माणसे हलवून तिथे शेणाने सारवलेली कुडाची खोपटी मांडावी, तसा हा प्रकार.

पार्कवेसाठी जमीन देतानाही सगळ्यांचे नशीब सारखे नव्हते. नॉर्थ कॅरोलायनातल्या लिटल स्वित्झर्लंड या सुट्टीच्या गावाचे प्रवर्तक हेरियट क्लार्कसन हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्यांनी भांडून रस्त्याची पट्टी अरुंद करून घेतली आणि चांगला मोबदलाही मिळवला. लहान शेतकऱ्यांना तसे वकील मिळाले नाहीत. काहींच्या शेताचे दोन तुकडे झाले आणि मधून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांना स्वतःची गाडी आणायलाही मनाई झाली.

तिसरी गोष्ट चेरोकींची. १८३८ साली अमेरिकेच्या सैन्याने हजारो चेरोकींना त्यांच्या भूमीतून पश्चिमेकडे हाकलले. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. डोंगरात मागे राहिलेल्यांचे वंशज म्हणजे ईस्टर्न बँड. त्यांच्या सोको खोऱ्यातून पार्कवेची रुंद पट्टी न्यायची होती. खोऱ्यातली सपाट जमीन थोडी, तीच शेतीची आणि तीच पुढे दुकाने चालतील अशी. त्यांनी सरळ नकार दिला. पाच वर्षे वाद चालला. शेवटी १९४० साली तोड निघाली ती अशी : पार्कवे खोऱ्यातून न जाता वरच्या धारेवरून जाईल, आणि खोऱ्यातून राज्य एक नेहमीचा हमरस्ता बांधून देईल. आज पार्कवेच्या शेवटच्या टप्प्यात जी उंचावरची दृश्ये दिसतात ती चेरोकींच्या नकाराने मिळालेली आहेत.

बोगद्यांची दगडी तोंडे आणि कमानीचे पूल यांचे काम अनेक ठिकाणी इटली आणि स्पेनहून आलेल्या गवंड्यांनी केले. पार्कवेवर २६ बोगदे आहेत, त्यातले २५ नॉर्थ कॅरोलायनात. गाडी थांबवून एखाद्या कमानीचे दगड जरूर पाहावेत. आपल्याकडच्या घाटातल्या जुन्या पुलांचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या हाताचे मोल कळेल. हे गवंडीही आपल्यासारखेच, हातातल्या कौशल्याच्या जोरावर समुद्र ओलांडून आलेले.

महायुद्धात काम थांबले, नंतर रखडत चालू राहिले. शेवटचा साडेसात मैलांचा तुकडा ग्रँडफादर माउंटनपाशी अडला. डोंगराच्या मालकाने वरून रस्ता जाऊ द्यायला नकार दिला होता, आणि खालचा उतार इतका नाजूक की खणले तर सगळाच खाली यावा. अखेर तिथे खणायचेच नाही असे ठरले. लिन कोव्ह व्हायाडक्ट हा १,२४३ फुटांचा पूल १५३ तयार काँक्रीट तुकड्यांचा आहे. ते तुकडे एकापुढे एक असे, झालेल्या पुलावरूनच पुढे नेऊन जोडले. त्यांतला सरळ असा एकच, बाकीचे सगळे वळणात. काँक्रीटचा पांढुरका रंग खडकावर उठून दिसू नये म्हणून त्यात आयर्न ऑक्साइड मिसळले. म्हणजे आपली गेरू ज्याने लाल होते तेच द्रव्य. तुळशीवृंदावनाला लावतो तो रंग इथे पूल लपवायला वापरला आहे. पूल १९८३ साली झाला आणि संपूर्ण पार्कवे ११ सप्टेंबर १९८७ रोजी जोडला गेला. सुरुवात झाली त्या दिवसापासून बरोबर ५२ वर्षे.

डोंगर निळे का दिसतात, हा प्रश्न मुले विचारणारच, तर तेवढे रसायन सांगतो. ओकसारखी झाडे उन्हाळ्यात आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. हवेत त्याच्यापासून अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. तुमच्या गाडीच्या टायरमधले नैसर्गिक रबर म्हणजे याच आयसोप्रीनच्या लांबलचक साखळ्या. मात्र पांढरट, दुधी धुके दिसले तर ते झाडांचे नव्हे. कोळसा जाळून निघणाऱ्या गंधकाच्या धुरातून सल्फेटचे थोडे मोठे कण बनतात, ते सगळेच रंग विखुरतात आणि दूरचा डोंगर पुसून टाकतात. १९८० च्या दशकात शेनंडोआतून दिसणारे अंतर यामुळे फार घटले होते. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गंधकाचा धूर पुष्कळ कमी झाला आणि देखावा पुन्हा उघडला.

आता थोडे व्यवहाराचे. स्कायलाइनला प्रवेशशुल्क आहे, पार्कवेला नाही. पार्कवेवर पेट्रोलपंप नाहीत, खाली गावात उतरावे लागते, तेव्हा टाकी भरून निघावे. रस्त्याच्या कडेला मैलांचे दगड आहेत, वर दिलेले क्रमांक त्यांवरचे आहेत. पार्कवेचा सर्वांत उंच बिंदू, ६,०५३ फूट, रिचलंड बाल्सम इथे, मैल ४३१ ला आहे. तिथे ऑक्टोबरातही स्वेटर लागतो. सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनात पार्कवेची मोठी हानी केली, दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि तो टप्प्याटप्प्याने दुरुस्त करावा लागला. म्हणून निघण्यापूर्वी कुठला भाग खुला आहे याची चौकशी जरूर करावी.

मुलांसाठी एक काम सुचवतो. स्कायलाइनवरून एखाद्या पायवाटेने आत शिरलात तर जंगलात रांगेत उभी सफरचंदाची झाडे शोधा. वसंतात गेलात तर डॅफोडिल शोधा. जंगल रांगेत उगवत नाही आणि डॅफोडिल कोणीतरी अंगणात लावल्याशिवाय तिथे येत नाही. अशा जागी आसपास पाहिलेत तर जोत्याचे दगड सापडतील, कधी छोटी दफनभूमीही. उद्यानात अशा शंभराहून जास्त दफनभूमी आहेत आणि काही ठिकाणी वंशज अजून येतात. काही उचलू नये, पाय जपून टाकावा, एवढेच.

आणि मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना. दर वर्षी शरदातली आपली सहल बिग मेडोजला जाते आणि तिथे गर्दीत बाके मिळत नाहीत. या वर्षी सात मैल पुढे लुइस माउंटनला जावे. झाडी चांगली आहे, सावली आहे, मुलांना पळायला जागा आहे. पुरी-भाजीचे डबे उघडण्यापूर्वी त्या जागेची हकीगत मुलांना दोन मिनिटांत सांगावी. सांगायला मी तयार आहे. व्हॅनमध्ये जागा असलेल्यांनी आणि जागा हवी असलेल्यांनी नेहमीप्रमाणे सहल समितीकडे नावे द्यावीत.